शाळेतला तो एक तास : क्लब, पथक, छंदवर्ग. तुमचे अनुभव लिहा

तिखटमीठ

लेकीची शाळा पुण्यातली, खासगी, सीबीएसई. यंदा ती सहावीत गेली आणि शाळा सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच घरी एक फॉर्म आला. चौदा क्लब, त्यातले तीन पसंतीक्रमाने लिहायचे. रोबोटिक्स, एमयूएन, नाटक, बुद्धिबळ, बिनगॅसचा स्वयंपाक, खगोल, मातीकाम आणि असंच बरंच काही. आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर एक तास. रोबोटिक्सला वेगळी फी, बाकीचं म्हणे फीमध्येच.

माझी शाळा साताऱ्याची. आमच्याकडे क्लब नावाची वस्तूच नव्हती. शनिवारची कवायत, ऑगस्टात समूहगीत, डिसेंबरात गॅदरिंग आणि चित्रकलेच्या बाईंनी धरून बसवलेली एलिमेंटरी. त्यामुळे फॉर्म मध्ये ठेवून आम्ही दोघंही परीक्षेत प्रश्न न कळलेल्या मुलांसारखे बसलो होतो. नवरा म्हणाला, रोबोटिक्स लिही, पुढे उपयोगी पडेल. लेक म्हणाली, मातीकाम, कारण मैत्रीण तिकडे जाणार आहे.

म्हणून हा धागा. तुम्ही शाळेत काय केलंत, काय टिकलं, काय फुकट गेलं ते लिहा. पालक, शिक्षक, माजी विद्यार्थी, कुणीही. फक्त 'सर्वांगीण विकास' नको, तो ब्रोशरमध्ये भरपूर आहे. त्या तासात नेमकं काय व्हायचं ते सांगा.

पाटाचं पाणी

खासगी म्हटलं की आता इंग्रजी माध्यमच डोळ्यांपुढे येतं. आमची सांगलीची मराठी शाळाही खासगीच, संस्थेची, अनुदानित. तिथे स्काउट होतं. खाकी गणवेश, गळ्यात स्कार्फ, तो आवळायला वॉगल नावाचं कडं. सर गणिताचे, वर्गात कधी हसायचे नाहीत. शनिवारी शाळा सुटली की तोच माणूस दोरीचे दोन-दोन हात लांब तुकडे वाटायचा आणि आमच्या डोळ्यांवर रुमाल बांधून गाठी मारायला लावायचा. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन. 'रात्री वाऱ्याने तंबू उडाला तर दिवा कोण धरणार, तुझी आई?' असं विचारायचे.

खरी कमाईला, म्हणजे स्काउटांनी स्वतः काम करून पैसे मिळवायच्या उपक्रमात, आमच्या संघाने भेळ विकली. भांडवल प्रत्येकी दहा रुपये. चिंचेचं पाणी आईने करून दिलं, कांदा आम्ही चिरला. दुपारपर्यंत पातेलं रिकामं. हिशेब केला तर अकरा रुपये तोटा! निम्मी भेळ आम्हीच खाल्लेली आणि उरलेली वर्गातल्या पोरांना उधार. सरांनी तोटा भरून दिला नाही. पुढचे दोन शनिवार आम्ही उधारी वसूल करत फिरलो, तरी तीन रुपये बुडालेच. कुणी बुडवले ते मला अजून माहीत आहे. आज माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि उधारीची वही मी नोकराच्या हातात देत नाही. याचा त्याच्याशी संबंध लावायचा तर लावा.

क्लोव्ह हिच मात्र अजून हाताला येते. मागच्या वर्षी टेम्पोत फ्रिज बांधताना हमालाने विचारलं, मालक, ही गाठ कुठली?

शिट्टीवाला

आरएसपी, म्हणजे शाळेचं रस्ता सुरक्षा पथक. शिट्टी मिळते म्हणून गेलो. शिट्टी फक्त लीडरला होती. दोन वर्षं फाटकाशी उभं राहून रिक्षावाल्यांना हात दाखवला, एकही थांबला नाही.

दोन डबे

तिखटमीठ, फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत काय आहे ते वाचलंत का? आमच्या फॉर्मवर होतं, 'क्लबच्या दिवशी परतीच्या बसची सोय नाही.' शाळा घरापासून चौदा किलोमीटर, आम्ही दोघं नोकरीला. म्हणजे क्लब कुणासाठी, तर ज्यांची आजी घरी आणि आजोबांकडे गाडी त्यांच्यासाठी. मुलगा तीन वर्षं तबल्याचा क्लब मागत होता. तीनही वर्षं तो तीन वाजून दहाच्या बसमध्ये बसून घरी आला. फी मात्र आम्ही पूर्ण भरली, त्यात 'अॅक्टिव्हिटी' असा वेगळा रकाना होता.

शिट्टीवाला

हे वाचून माझी शिट्टी फारच क्षुल्लक वाटायला लागली.

मांजरा

मी लातूरची. इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा, नववीत होते. पुण्यातल्या एका मोठ्या शाळेत एमयूएन होतं, आमच्या बाईंनी सहा जणांना नेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : संयुक्त राष्ट्रसंघाची लुटुपुटूची सभा. प्रत्येकाला एक देश मिळतो, त्या देशाच्या नावाची पाटी उचलून बोलायचं. आधी देशाची भूमिका लिहून पाठवायची. आणि 'मी' म्हणायचं नाही, देश म्हणून बोलायचं.

मला मिळाला चाड. तो नकाशात कुठे आहे हेही मला ठाऊक नव्हतं. बाकीच्यांकडे ब्लेझर होते. माझ्याकडे मामाच्या लग्नातला बाबांचा कोट, बाह्या दुमडून टाचलेल्या, टाचण्या मनगटाला टोचत होत्या. समितीचा विषय पाणी. मी रात्रभर चाड सरोवराबद्दल वाचलं होतं. चार देशांच्या सीमेवरचं सरोवर, १९६० च्या दशकात जवळजवळ २५ हजार चौरस किलोमीटरचं आणि पुढच्या काही दशकांत आटत आटत त्याच्या दहाव्या हिश्शावर आलेलं. हे सगळं पाठ होतं. पाटी उचलली, उभी राहिले आणि पहिल्या वाक्यातच सगळं पुसलं गेलं.

समोर अमेरिका झालेला मुलगा घड्याळ बघत होता. मग मला जे माहीत होतं तेच बोलायला लागले. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ते पाणी घरी येईपर्यंत काय होतं ते मी पाहिलं होतं. टँकरपुढे रात्री दोनला घागरींची रांग, घागरीला ओळखीची चिंधी बांधायची, नाहीतर बदलली जाते. आंघोळीचं पाणी परातीत धरून तेच पुन्हा संडासाला. हे सगळं मी 'आम्ही' म्हणून सांगितलं, नियमाप्रमाणे. सभागृहाला वाटलं चाड बोलतोय. अध्यक्ष झालेल्या दादाने फक्त विचारलं, चाडमध्ये रेल्वे आहे का? नाही आहे. ते मी वाचलं होतं आणि तरी बोलले होते.

बक्षीस अमेरिकेलाच मिळालं. एमयूएन हे पैसेवाल्या मुलांचं इंग्रजी बोलण्याचं नाटक आहे असं बरेच जण म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. प्रवेश फी, प्रवास, राहणं धरून बाबांना ते जड गेलं होतं. तरी आज पाणीपुरवठ्याच्या कामात नोकरी करताना कुणी मोठा माणूस आकडे फेकायला लागला की मला ती टाचणी टोचते.

डस्टर

मी नागपूरच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवतो. रोबोटिक्सबद्दल लिहितो, कारण मुख्य धाग्यात नवरोबांनी तेच सुचवलंय.

केंद्राच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून शाळांना टिंकरिंग लॅब मिळते, खासगी शाळांनाही. अनुदान २० लाखांपर्यंत. आमच्याकडे आली. थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनो नावाचे छोटे सर्किट बोर्ड, सेन्सर, सोल्डरिंगचं सामान. पहिल्या वर्षी काय झालं सांगू? कुलूप. सामान महागाचं, मुलं मोडतील म्हणून. पाहुणे आले की उघडायची, चार ठरलेली मुलं पांढरे कोट घालून उभी करायची. प्रकल्पही ठरलेला : मातीत ओलावा कमी झाला की पंप सुरू. कुठल्याही प्रदर्शनात जा, चार टेबलांवर तोच पंप सुरू असतो.

दुसऱ्या वर्षी मी किल्ली मागून घेतली आणि रजिस्टरमध्ये लिहून दिलं की मोडलं तर माझ्या नावावर. मधल्या सुट्टीत खोली उघडी ठेवायला लागलो. पहिल्या महिन्यात सहा सर्व्हो मोटरी जळल्या. एका पोराने प्रिंटरची नळी तुंबवली, ती मोकळी करायला आम्हाला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत जेवढं शिकवून झालं तेवढं वर्षभरात झालं नव्हतं. आठवीतल्या एका मुलीने वर्गाच्या दाराला असं काही लावलं की मुख्याध्यापक जिना चढले की बाकाखाली दिवा लागायचा. तिला मी रागावलो नाही. दिव्याची जागा बदल, वरून दिसतो, एवढंच म्हणालो.

तेव्हा रोबोटिक्स घ्यायचं तर शाळेला दोन गोष्टी विचारा. किल्ली कुणाकडे असते? आणि मागच्या वर्षी काय काय जळलं? काहीच जळलं नसेल तर दुसरा क्लब बघा.

माटोळी

फोंड्याहून लिहितोय. आमच्या हायस्कुलात घुमटाचं पथक आहे. संस्था खासगी, मास्तर गावातलेच. घुमट म्हणजे मातीचा घट, एका तोंडाला चामडं ताणून बसवलेलं, दुसरं तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, आता बकऱ्याचं. २०१९ मध्ये सरकारने त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पण आमच्या पोरांना त्याचं काय! त्यांना चतुर्थी महत्त्वाची. जूनपासून सराव सुरू, घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल), कांसाळें (झांजा), आणि चवथीला घरोघर आरत्या. पावसात चामडं ओलं होऊन सैल पडतं, म्हणून सरावाआधी शाळेच्या स्वयंपाकघरात घुमटं शेकायला ठेवावी लागतात. माध्यान्ह आहाराच्या बायका रोज ओरडतात.

माझ्या मुलाला वर्गात 'कच्चा' म्हणायचे. पथकात आडताल चुकला की मोठी पोरं आधी त्याच्याकडे बघतात.

साखळी

खो-खो. पुण्याजवळची शाळा, पाचवी ते दहावी. मैदान लाल मातीचं, दोन टोकांना खांब, गुडघे कायम सोललेले. आमच्या बाई साखळी पळायला शिकवायच्या तेव्हा आठ मुलींमधून नागमोडी स्वतः पळून दाखवायच्या, साडी खोचून.

मी शाळा सोडल्यावर तिथे नवी इमारत झाली. मैदान अर्धं गेलं, उरलेल्यावर टर्फ. खो-खो बंद, स्केटिंग आणि तायक्वांदो सुरू. विचारलं तर म्हणाले, पालकांकडून मागणी नाही. मातीत पडायला पोरी पाठवायला कुणी तयार नाही, हेही खरंच असेल. मग जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपले पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. पुढच्याच महिन्यात शाळेतून मला फोन. माजी खेळाडू म्हणून मुलींशी बोलायला याल का?

गेले. भाषण नको, मैदान दाखवा म्हटलं. टर्फवर मॅट अंथरली होती. मुली सूर मारायला घाबरत होत्या, चष्मा फुटेल म्हणून. मी चाळिशीची, माझा सूर म्हणजे पोतं पडावं तसा पडला. पोरी हसल्या आणि मग एकेक करून पडायला लागल्या. आता दर शनिवारी जाते. मानधन नाही, बाई सांगायच्या तसं ओरडायला मात्र मिळतं.

मैदानाबाहेर

मुंबईच्या शालेय क्रिकेटचं कुणी कसं नाही लिहिलं? आमच्या वयाचा मुंबईतला दर दुसरा माणूस सांगतो की फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन-कांबळीची ६६४ ची भागीदारी झाली तेव्हा तो आझाद मैदानावर होता. मी नव्हतो. मी शाळेच्या संघाचा बारावा, खरं तर पंधरावा गडी, आणि माझं काम स्कोअर लिहिणं. ठिपके, रेघा, बेरजा. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत बाद झालो. पण तेव्हापासून पेन्सिल टोक करून ठेवायची सवय आहे.

दोन डबे

पुन्हा मीच. त्या रकान्याचं पुढे काय झालं ते सांगते. राज्यात शुल्क विनियमनाचा २०११ चा कायदा आहे. शाळेने फी ठरवायची तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी लागते आणि त्या समितीतले पालक इच्छुकांमधून सोडतीने निवडतात. मी नाव दिलं, चिठ्ठी निघाली. पहिल्याच बैठकीत विचारलं, अॅक्टिव्हिटीचे पैसे सगळ्यांकडून घेता, तर बसवाल्या मुलांचा तास कुठे आहे? भांडण झालं नाही. एक शिक्षिका म्हणाल्या, आठवड्यातले दोन क्लब शाळेच्या वेळातच बसवता येतील, वेळापत्रकात शेवटचा तास रिकामाच जातोय. इतकं सोपं होतं. मुलगा आता आठवीत आहे, तबला सुटला तो सुटलाच, बोटं जड झाली म्हणे सरांच्या मते. धाकटी मात्र जाते.

तिखटमीठ

सगळ्यांचे आभार. दोन डबे, तुम्ही सांगितल्यावर फॉर्म उलटा करून पाहिला. आमच्याकडेही बस नाही! सोसायटीतल्या तिघी आयांनी मिळून एक रिक्षा ठरवलीये.

डस्टर सरांचे दोन्ही प्रश्न शाळेत विचारले. किल्ली ऑफिसात असते आणि काहीही जळलेलं नाही. रोबोटिक्स खोडलं. नवरा दोन दिवस गप्प होता.

लेकीने पहिलं मातीकाम लिहिलं, ते भरलं होतं. मिळालं खगोल. मैत्रीण गेली बुद्धिबळाला, त्यामुळे एक संध्याकाळ रडण्यात गेली. काल पहिला तास झाला. बाहेर जूनचं आभाळ, तारा काय, समोरची इमारतही नीट दिसत नव्हती. मी म्हटलं, झालं, हाही तास फुकट. तर सरांनी म्हणे खोलीत अंधार करून टॉर्च, टेनिसचा चेंडू आणि एक लिंबू काढलं. घरी आल्यापासून बाथरूममधला बल्ब सूर्य आहे, बाबांचं डोकं पृथ्वी, आणि फ्रिजमधलं शेवटचं लिंबू सापडत नाहीये.