लोणार: गुडघेदुखी असलेल्या आईला कमळजादेवीपर्यंत नेता येईल का?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरअखेर पुण्याहून लोणारला जायचं ठरतंय. सोबत 66 वर्षांची आई आणि 11 वर्षांची लेक. आईचं माहेर मेहकरचं, आणि कमळजादेवी तिच्या माहेरची देवी, देऊळ खाली सरोवराच्या काठाशी. नवरात्रात सगळे मिळून खाली सरोवरात कसे उतरायचे, हे मी इतक्यांदा ऐकलंय की वाट तोंडपाठ आहे. पाहिली मात्र कधीच नाही.

अडचण आईच्या उजव्या गुडघ्याची. सपाटीवर ती माझ्याआधी चालते, उतार आला की थांबते. उल्का आदळून झालेलं हे विवर काठापासून जवळपास दीडशे मीटर खोल, म्हणजे उतरण्यापेक्षा परत चढण्याचंच टेन्शन. "वरूनच दर्शन घेऊ" म्हटलं तर म्हणाली, "वरूनच हात जोडायचे तर पुण्यातून जोडते की."

तर विचारायचं असं:
पाणी बरंच वर चढलंय असं ऐकलं. देवळापर्यंतची वाट सध्या उघडी आहे का? त्यातल्या त्यात सोपी उतरण कुठून? डोली वगैरे मिळते का?
जाताना सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थळ पाहायचं आहे. समृद्धी महामार्गाने गेलं तर लोणारला त्याच दिवशी दुपारपर्यंत पोचू ना?
लेकीला उल्केची गोष्ट सांगून झाली. तिला आता 2020 सारखं गुलाबी पाणी बघायचंय. तो रंग खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा होता, रोज नसतो, हे पटवून देतोय.

प्रतिसाद १
डोली मी तरी पाहिली नाही, तिच्या भरवशावर जाऊ नका. वाटेचं निघायच्या आदल्या दिवशी वनखात्याच्या चौकीत विचारा, ते अभयारण्य आहे. काकूंना धारेवर, म्हणजे गोमुखाच्या झऱ्यावर न्या. तिथलं गोड पाणी बारमाही वाहतं आणि तिथून सरोवर समोर दिसतं. तिथवरच्या पायऱ्या जमल्या, तर पुढचं त्यांनाच ठरवू द्या. सकाळी लवकर उतरा, पाणी आणि काठी सोबत ठेवा.

प्रतिसाद २
गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका, फार चालावं लागत नाही. बहुतेक लोक सरोवर बघून तसेच परततात, हे मला कधीच कळलं नाही. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं देऊळ आहे, सरोवराची कथा तीच. आत अंधार असतो, छताचं कोरीवकाम बघायला टॉर्च हवाच. आणि मुलीसाठी चिमूटभर हळद न्या. सरोवराच्या पाण्यात कालवली की लाल होते, पाणी इतकं अल्कधर्मी आहे.

धागाकर्ता
दोघांचे आभार. आईला वाचून दाखवलं. धारेपर्यंत कबूल झाली, पुढचं "देवी बघेल". हळदीचं ऐकून हसली, म्हणाली, आम्ही हेच करायचो. डबी तिने आजच भरून ठेवली आहे. वाटेचं कुणाला ताजं कळलं तर मात्र नक्की लिहा.