क्षमा: हुकूम की हक्क?

वाटसरू:
इस्लाम आणि ख्रिस्ती नीतीची तुलना निघाली की 'शेवटी सगळे एकच सांगतात' म्हणून विषय गुंडाळला जातो. मला हे पटत नाही. क्षमेचंच घ्या. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात येशू 'डोळ्याबद्दल डोळा' हा जुना नियम बाजूला सारतो आणि एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसराही करायला सांगतो. कुराण (५:४५) तोच नियम तौरातमधला, म्हणजे मोशेच्या धर्मग्रंथातला, म्हणून सांगतं आणि पुढे म्हणतं, जो बदला सोडून देईल त्याला ते प्रायश्चित्त ठरेल. म्हणजे एकीकडे क्षमा हा हुकूम, दुसरीकडे आपला हक्क सोडण्याचं पुण्य. दुसरी मांडणी मला पीडिताशी जास्त प्रामाणिक वाटते. ज्याचा मुलगा मारला गेला त्याला 'माफ कर' असं फर्मान काढणारे आपण कोण?

कोरा_कागद:
साफ असहमत. हक्क म्हटला की त्याचा सौदा होतो. किसासमध्ये, म्हणजे जशास तशा बदल्याच्या इस्लामी कायद्यात, मृताचा वारस बदला मागू शकतो, नुसतं माफ करू शकतो किंवा दिया, म्हणजे भरपाई, घेऊन सोडू शकतो. पैसेवाल्याला वाट मोकळी, आणि गरीब वारसावर चहूबाजूंनी दबाव! पाकिस्तानात १९९० मध्ये हा कायदा अध्यादेशाने आला. मग 'अब्रू'पायी बहिणीला मारणाऱ्या भावाला बापच माफ करू लागला. शेवटी २०१६ साली, माफी मिळाली तरी अशा खुन्याला जन्मठेप, अशी दुरुस्ती करावी लागली.

वाटसरू:
पण मारणारा आणि माफ करणारा एकाच घरातले असतील, तर तिथे पीडिताचा हक्क उरलाच कुठे? ती तर मेली. तुमचं उदाहरण हक्काच्या चोरीचं आहे.

शंकासूर:
आणि ख्रिस्ती राजांनी कधी दुसरा गाल पुढे केला म्हणे? बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की सत्ताधारी तलवार उगाच धरत नाही. ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाने न्याय्य युद्धाची बाजू मांडली. कॅथलिक चर्चने आपल्या धर्मशिक्षणग्रंथात मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला तो थेट २०१८ मध्ये. न पाळायचा हुकूम काय कामाचा?

कोरा_कागद:
पाळला गेला नाही म्हणून हुकूम खोटा ठरत नाही. तो तिथे होता म्हणूनच २०१८ मध्ये चर्चला तिथवर यावं लागलं.

अधूनमधून:
तुम्ही सगळे खुनावरच अडकलात. व्याजाकडे बघा, तिथे चित्र उलटं आहे. ३२५ च्या नायसिया इथल्या चर्चच्या परिषदेने पाद्रींना व्याज घ्यायला बंदी केली, ११७९ च्या लॅटरन परिषदेने उघड सावकारी करणाऱ्यांना ख्रिस्ती दफनही नाकारलं. पुढे सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने माफक व्याजाला वाट करून दिली. कुराणाची मनाई (२:२७५) मात्र मुस्लिम धर्मशास्त्रात आजही मुख्य मत म्हणून टिकून आहे. मग 'ख्रिस्ती आदर्शवादी, इस्लाम व्यवहारी' ही वाटणी कुठे राहिली?

कोरा_कागद:
टिकून? मुराबहात, म्हणजे इस्लामी बँकांच्या बिनव्याजी म्हणवणाऱ्या व्यवहारात, बँक वस्तू घेते आणि नफा चढवून हप्त्यांनी विकते. घेणाऱ्याच्या खिशाला काय फरक पडला?

शंकासूर:
पडतो. विक्रीची किंमत एकदा ठरली की ठरली. हप्ता थकला म्हणून ती फुगवता येत नाही; चक्रवाढीत बुडालेल्यांना विचारा. आता तुम्ही सांगा, बायबलमधल्या लूक ६:३५ प्रमाणे परतफेडीची आशा न धरता उसने देणारी एक तरी बँक दाखवता का?

कोरा_कागद:
ते बँकांना सांगितलंच नव्हतं. तुम्हाला-मला सांगितलं होतं, म्हणून तर ते जड जातं.