पावसात ओपिनेलचा घडीचा चाकू उघडत नाही, काय करू?

घाटवाट: चार वर्षं खिशात ओपिनेल ८ नंबर आहे. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ, वजन जाणवतही नाही. पेरू, सुतळी, कुरियरची खोकी, सगळं त्यानेच. पण जून लागला की मूठ फुगते आणि पातं आत रुतून बसतं. काल एसटी स्टँडवर आंबा हातात आणि चाकू बंद! नख तुटलं, आंबा दातानं सोलला. शिवाय पातं काळं पडलंय. कार्बन स्टील आहे, स्टेनलेस नाही.

जुनाधारवाला: आधी पात्याच्या बुडाशी असलेलं लॉकचं कडं उघड्या खुणेवर फिरवा (हे कडं १९५५ साली आलं, त्याआधीच्या ओपिनेलला लॉकच नव्हता). मग मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर खटकन ठोका. पातं जरा बाहेर येतं, चिमटीत धरता येतं. ओपिनेल जिथला, त्या फ्रान्समधल्या सव्हॉयचे लोक हेच करतात. काळपटपणा म्हणजे गंज नव्हे, आंबट फळांमुळे तसा थर चढतो. राहू द्या. लाल डाग दिसला तरच घासा.

मीनल_पुणे: मे महिन्यात मूठ कडकडीत वाळवून जवसाचं तेल पाजा, दोन-तीन हात. खोबरेल नको, ते वाळत नाही. नाहीतर सरळ प्लॅस्टिकच्या मुठीचा व्हिक्टोरिनॉक्सचा स्विस चाकू घ्या, कटकट मिटली.

घाटवाट: ठोकल्यावर उघडला! व्हिक्टोरिनॉक्स आहे घरी, पण हातात मजा नाही येत. आई विचारतेय, विळी काय वाईट होती?