आधी रेडिएटरचं झाकण तपासा
गाडीखाली थेंब नाही आणि तरी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतंय म्हणजे हेड गॅस्केटच (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलं, हा निष्कर्ष घाईचा वाटतो. बारीक गळतीचं कूलंट गरम इंजिनावरच सुकतं. वॉटर पंपाच्या भोकाखाली किंवा होजच्या क्लॅम्पपाशी पांढरट-गुलाबी डाग तेवढे उरतात. इंजिन पूर्ण थंड असताना झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर (दाब भरून तो सुईवर दाखवणारा हातपंप) लावा, झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या (बऱ्याच गाड्यांत १.१ बार) आणि १५ मिनिटं सुई बघा. सुई उतरली आणि बाहेर सगळं कोरडं असेल, तर डॅशबोर्डखालची मॅट चाचपा. ती चिकट, गोडसर वासाची असेल तर हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतोय.

सुई हललीच नाही तर संशय झाकणावर! त्याची स्प्रिंग किंवा रबर सैल पडलं की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जातं. जुन्या गाडीत हे फार होतं, आणि झाकण तर सगळ्यात स्वस्त भाग. बोअरचं पाणी मात्र टॉप-अपला नको, रेडिएटरमध्ये क्षार धरतात. कूलंटचं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या. हे सगळं करूनही पातळी उतरलीच तर मग गॅस्केटची गॅस-टेस्ट (कूलंटमध्ये इंजिनातला जळका वायू शिरतोय का ते बघणारी चाचणी).