हिरमोड, अपेक्षाभंग की भ्रमनिरास?

पाचपाखाडी, ठाणे (प्रश्न माझा)

एका शब्दावरून आम्हा चार मित्रांत कित्येक वर्षं भांडण आहे. इथे त्याचा निकाल लागतो का बघू.

आम्ही चौघे टेरी गिलियम या दिग्दर्शकाचे कॉलेजपासूनचे चाहते. तेव्हा स्वतःला ‘पंखे’ म्हणवून घ्यायचो, त्या वयात तो विनोद वाटायचा. या गृहस्थांनी २००० साली स्पेनमध्ये डॉन किहोतेवरच्या (सर्व्हान्तेसच्या कादंबरीतला, स्वतःला शूर सरदार समजणारा नायक) चित्रपटाचं चित्रीकरण सुरू केलं. डोक्यावर लढाऊ विमानांची घरघर. दुसऱ्याच दिवशी असा पाऊस कोसळला की सामान वाहून गेलं आणि रखरखीत माळाचा रंगच पालटला. मग किहोतेचं काम करणारे ज्याँ रोशफोर पाठीच्या दुखण्याने घोड्यावर बसेनात. काम बंद. त्या बंद पडलेल्या चित्रपटावरच २००२ मध्ये एक माहितीपट निघाला. तो आम्ही एका मित्राच्या घरी पाहिला आणि त्या दिवसापासून आमचं वाट पाहणं सुरू झालं. नट बदलले, पैसे आले नि गेले. जॉन हर्ट किहोते होणार असं ठरलं, तर त्यांना कर्करोग निघाला. शेवटी जोनाथन प्राइस आणि अ‍ॅडम ड्रायव्हर यांना घेऊन चित्रपट पुरा झाला आणि मे २०१८ मध्ये कान महोत्सवाच्या समारोपाला दाखवला गेला.

आम्ही पाहिला तो पुढच्या पावसाळ्यात, माझ्या घरी, टीव्हीवर. खिडकीच्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की आवाज वाढवावा लागला. सव्वादोन तासांनी नावं वर सरकू लागली तेव्हा कुणी कुणाकडे बघितलं नाही. ताटलीत एक बटाटावडा उरला होता, तोही कुणी उचलला नाही, आणि आमच्यात असं कधी होत नाही.

मग एक म्हणाला, ‘हिरमोड झाला.’ दुसरा, ‘निराशा.’ तिसऱ्याने ग्रुपवर लिहिलं, ‘भ्रमनिराश.’ मी गप्प. मला यातला एकही शब्द बसत नव्हता, अजून बसत नाही. नेमका शब्द कोणता?

ऐरोली

पोपट झाला. विषय संपला.

पाचपाखाडी

नाही रे बाबा. पोपट व्हायला बघणारे लागतात. चारचौघांत बढाई मारली आणि तोंडावर आपटलो तर तो पोपट. आम्ही चौघेही एकाच फांदीवर बसलेले, हसणार कोण?

ऐरोली

ओके, पॉइंट आहे. आणि पोपट कुणीतरी करतो पण. ‘त्याने माझा पोपट केला’ म्हणजे मुद्दाम केला. डिरेक्टरने मुद्दाम तर नाही केलं.

मग पचका?

पाचपाखाडी

पचक्यालाही प्रेक्षक लागतात.

नौपाडा

मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. आधी शुद्धलेखन. तुमच्या मित्राला सांगा, ‘भ्रमनिराश’ असा शब्द नाही. शब्द आहे भ्रमनिरास. त्याचा निराशेशी काही संबंध नाही, केवळ कानाला जवळचा वाटतो म्हणून लोक श लावून मोकळे होतात. निरास म्हणजे दूर सारणं, काढून टाकणं. शंकेचा निरास, तसा भ्रमाचा निरास.

आता गंमत बघा. वेदान्तातलं ठरलेलं उदाहरण आहे दोरी आणि सापाचं. अंधारात दोरीवर साप दिसतो, दिवा आणला की साप जातो. हा भ्रमनिरास. तिथे कुणी हळहळत नाही, उलट सुटकेचा निःश्वास टाकतात. म्हणजे मूळचा शब्द लाभाचा आहे. मराठीत येऊन मात्र तो तोट्याच्या खात्यात गेला. ‘नव्या नोकरीत माझा भ्रमनिरास झाला’ असं म्हणताना आपण दिवा आणणाऱ्यावरच चिडलेले असतो आणि सापासाठी रडत असतो.

तुमच्या बाबतीत हा शब्द गंमतीदार आहे तो दुसऱ्याच कारणाने. सर्व्हान्तेसची मूळ कादंबरी दोन भागांत आली, १६०५ आणि १६१५ मध्ये. दुसऱ्या भागाच्या अखेरीस किहोते शुद्धीवर येतो, आपण कुणी शूर सरदार नव्हतो हे कबूल करतो आणि मरतो. अगदी शब्दशः भ्रमनिरास. आणि वाचणाऱ्याला वाटत राहतं की नसता शुद्धीवर आला तर बरं झालं असतं. तेव्हा मित्राची श-स ची चूक सोडली तर त्याने शब्द भलताच मार्मिक निवडला, बहुधा नकळत.

तुमचा भ्रमनिरास झाला का, हे एका प्रश्नावरून ठरेल. तो दिग्दर्शक मोठा आहे असं तुम्हाला आजही वाटतं का?

पाचपाखाडी

वाटतं, बाई.

नौपाडा

मग भ्रमनिरास नाही. आणि त्याचा पुढचा चित्रपट आला तर बघाल?

पाचपाखाडी

पहिल्या दिवशी.

नौपाडा

मग निराशाही नाही. निराशेत आशाच उरत नाही, तिचं तोंड पुढच्या काळाकडे असतं. तुमची आशा तर ठणठणीत दिसते.

हिरमोड त्याहून फार लहान. सहलीची बस दारात उभी आणि पावसामुळे सहल रद्द, की वर्गातल्या पोरांचा हिरमोड व्हायचा. तोंडं हिरमुसायची. दुसऱ्या दिवशी डबा खाताना तीच पोरं खिदळत असायची. हिरमोडाचं आयुष्य एका संध्याकाळचं. इतक्या वर्षांच्या वाट पाहण्याला तो अपुरा पडतो, लहान मुलाचा सदरा मोठ्याला घातल्यासारखा.

अपेक्षाभंग चालेल. पण मला त्याला जरा अर्जाचा वास येतो. शिस्तभंग, करारभंग, अपेक्षाभंग. जणू समोरच्याने सही केली होती.

घोडबंदर रोड

मी रोज दोन तास रस्त्यावर वाट पाहण्यात घालवतो, तेव्हा या विषयातला जाणकार समजा.

शेवटच्या शब्दावर सगळे भांडताय, पण आधीचा शब्द तपासा ना. तुम्हाला उत्सुकता होती, उत्कंठा होती की आतुरता? उत्कंठा म्हणजे कंठ वर झालेला, मान उंचावलेली. ठाणे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर गाडी यायच्या दिशेला सगळा जमाव जशी मान काढतो, ती उत्कंठा. तशी मान किती वेळ ठेवता येईल? दहा मिनिटं. आतुर तर संस्कृतात आजाऱ्याला म्हणतात, वैद्याकडे आलेला रोगी तो आतुर. म्हणजे तुम्ही एक तर मान अवघडून घेतलीत किंवा आजारी पडलात. चित्रपटाचा काय दोष!

आणि ‘द्रष्टा दिग्दर्शक’ हे विशेषण जाहिरातवाल्यांनी वापरायला लागल्यापासून माझा त्यावरचा विश्वास उडालाय. द्रष्टा म्हणजे ज्याला दिसलं तो. ऋषींना मंत्र दिसले म्हणून ते मंत्रद्रष्टे. त्यांच्यावर ते दुसऱ्याला दाखवायची सक्ती नव्हती, वीज-पाण्याचा खर्च नव्हता, घोडा नव्हता. दिग्दर्शकाचं काम दाखवण्याचं. गिलियमना दिसलं होतं यात शंका नाही. दाखवायला मिळालं ते इतक्या उशिरा की मधल्या काळात प्रत्येक चाहत्याने आपापल्या डोक्यात तो चित्रपट काढून ठेवला होता.

कळवा

नमस्कार. माझी दूध-दह्याची डेअरी आहे. मी वाचतो सगळं, लिहीत नाही. पण कुणीच ‘विरजण पडलं’ म्हणेना म्हणून लिहितो.

आमच्या धंद्यात विरजण चांगलं. ते नसेल तर दही नाही. दूध कोमट हवं, बोट घातलं तर सोसेल एवढं. त्याला चमचाभर विरजण लावायचं आणि भांडं हलवायचं नाही. सकाळपर्यंत दही लागतं. मग आनंदावर विरजण पडलं की माणूस रडतो का, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा. वडिलांनी सांगितलं ते असं, की विरजण आपण लावतो तेव्हा काम होतं, ते पडतं तेव्हा नुकसान होतं. बासुंदीला दूध आटत ठेवलंय आणि ताकाचा हात त्यात लागला, की फाटलं. तेच दूध, तेच विरजण. फरक लावण्या-पडण्याचा.

तुमच्या पिक्चरला एवढी वर्षं लागली म्हणता. दही रात्रभर ठेवतात हो. दोन दिवस बाहेर ठेवलं तर आंबणारच. ते विरजण पडणं नाही, ते आंबणं.

पाचपाखाडी

दादा, हे बाकी तिघांना वाचून दाखवलं. एक जण म्हणाला की सगळ्या समीक्षकांपेक्षा तुम्हाला जास्त कळलंय.

नौपाडा

तुमच्या उत्तरातच एक मजा दडली आहे. समीक्षक. हा शब्द ज्या ‘ईक्ष्’ धातूपासून आला, म्हणजे पाहणं, त्याचंच सगळं कुटुंब तुमच्या गोष्टीत वावरतंय. प्रतीक्षा, अपेक्षा, समीक्षा, उपेक्षा. वाट पाहिली, काही मिळेल म्हणून पाहिलं, नीट पारखून पाहिलं, आणि पटलं नाही की पाहिलं न पाहिलं केलं. चाहत्याचा पूर्ण प्रवास एका धातूत बसतो. परीक्षासुद्धा त्यातलीच, पण तिची आठवण नको.

वाशी

बाई, तुम्ही एक भावंड विसरलात. ‘पेक्षा’.

मराठीतला तुलनेचा पेक्षा हा अपेक्षेतूनच आलाय. ‘याची अपेक्षा तो बरा’चं झिजून ‘यापेक्षा तो बरा’. अ गळला आणि शब्द नावाला चिकटून बसला. हे कळलं तेव्हापासून मला अपेक्षा या शब्दात सतत पेक्षा ऐकू येतो. कुठलीही अपेक्षा नुसती नसते, ती कशापेक्षा तरी असते. ही मंडळी किहोतेवरचा चित्रपट नुसता बघत नव्हती. त्याच दिग्दर्शकाच्या १९८५ च्या ‘ब्राझील’पेक्षा कसा आहे, हे बघत होती. आणि त्याहून वाईट म्हणजे न झालेल्या २००० सालच्या चित्रपटापेक्षा. न झालेल्या चित्रपटापेक्षा झालेला चित्रपट कधी चांगला असतो का?

मी तो कसलीच पार्श्वभूमी ठाऊक नसताना पाहिला. बायकोने लावला होता, मी मधेच येऊन बसलो. मला आवडला! तो जोडे शिवणारा म्हातारा, कधी काळी एका विद्यार्थ्याच्या छोट्या चित्रपटात किहोते झाला आणि मग किहोतेच होऊन बसला, तो तर फारच. सुरुवातीलाच हा चित्रपट घडण्यात आणि मोडण्यात पंचवीसहून जास्त वर्षं गेली अशी कबुली येते, तेव्हा मी बायकोला विचारलं होतं, ‘एवढा काय वेळ लागला?’ म्हणजे मला पेक्षाच नव्हता.

ऐरोली

घडण्यात आणि मोडण्यात = घडामोडी. हे आत्ता क्लिक झालं. रोज बातम्यांत ‘ताज्या घडामोडी’ ऐकतो आणि त्यात मोडणं आहे हे कधी डोक्यातच आलं नाही. काकू, बरोबर ना?

नौपाडा

बरोबर. आणि काकू चालेल, पण ‘क्लिक झालं’ऐवजी ‘लक्षात आलं’ लिहिलं असतंस तर अर्धा गुण जास्त दिला असता.

घोडबंदर रोड

हाइपला काय म्हणायचं तेही ठरवून टाका. आमच्याकडे ‘हवा’ म्हणतात. खूप हवा केली, मग हवा निघाली.

नौपाडा

हवा छान आहे. गाजावाजाही आहे. पण हवा दुसरा करतो. यांनी आपली आपण केली होती.

पाचपाखाडी

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी आम्ही चौघे तलावपाळीला भेटलो, कठड्यावर बसून हा सगळा धागा मोबाइलवर मोठ्याने वाचला. भेळवाला दोनदा येऊन गेला. पोपट बाद, पचका बाद, हिरमोड लहान, निराशा नाही, भ्रमनिरास नाही. अपेक्षाभंगावर दोन मतं दोन विरुद्ध. आंबणं हा शब्द तिघांना पटला, मला निम्मा.

मग बोलता बोलता एक गोष्ट निघाली. २००२ नंतर आम्ही जेव्हा जेव्हा भेटायचो, तेव्हा कुणीतरी पहिलं वाक्य टाकायचं, ‘काय रे, आला का तुझा पिक्चर?’ कुणाचं लग्न असो, कुणाच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलेलं असो, नोकरी गेलेली असो. एकाच्या मुलीच्या बारशाला तर तिच्या आजीने विचारलं होतं. उत्तर ठरलेलं, ‘पुढच्या वर्षी नक्की.’ मग हसायचं, मग पुढचं बोलणं.

आता तो आलेला आहे. काल चौघे जमलो तेव्हा दोन-तीन मिनिटं कुणालाच बोलायला सुरुवात कशी करावी कळेना. एकाने पावसाचं काढलं.

बाई, मला वाटतं माझा शब्द ‘चुकल्याचुकल्यासारखं’ असावा. तो नाम नाही, कोशात कुठे शोधायचा तेही कळत नाही, पण तोच.

नौपाडा

तोच. द्विरुक्ती आहे आणि पुढे सारखं लागलंय, म्हणून कोशात सरळ ‘चुकणे’खाली बघा. नवरा निवृत्त झाला त्या वर्षी रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मला तसं व्हायचं. डबा भरायचा नसायचा.

कळवा

खरं आहे. शेजारची गिरणी बंद झाली तेव्हा मला महिनाभर आवाजाशिवाय झोप लागेना.

ऐरोली

म्हणजे पोपट नाहीच?

पाचपाखाडी

नाही रे.