घाबरट चिंगी आणि दांडगा वाघ्या एका घरात कसे नांदतील? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही कोथरूडला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. चिंगी आमची ४ वर्षांची देशी कुत्री. पिल्लू असताना भर पावसात एका गाडीखाली कुडकुडत सापडली, त्यामुळे मुळातच भित्री. फटाके, कुकरची शिट्टी, अनोळखी पुरुषाचा आवाज, कशानेही अंग चोरते. पण घरात बिनधास्त असायची, दुपारी माझ्या पायाशी घोरत पडायची.

जूनमध्ये बाबा सासवडहून कायमचे आमच्याकडे आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, एकटं राहणं जमणार नाही. सोबत त्यांचा वाघ्या. ६ वर्षांचा, ३० किलोचा, अंगणात मोकळा वाढलेला. आई गेल्यापासून बाबांना त्याचीच सोबत आहे, तेव्हा त्याला दुसरीकडे द्या असं कृपया कुणी सांगू नका.

वाघ्या अंगावर जात नाही. नुसता उभा राहतो. पॅसेजच्या तोंडाशी, पाण्याच्या भांड्याजवळ, माझ्या खोलीच्या दारात. मान ताठ, नजर चिंगीवर. ती नाकावरून जीभ फिरवत, तोंड वळवत मागे सरकते आणि वॉशिंग मशीनमागच्या फटीत जाऊन बसते. दिवसभर पाण्याला तोंड लावत नाही. रात्री तो झोपला की लपलप पाणी पिताना ऐकू येतं, आणि मग मला झोप लागत नाही.

गेल्या आठवड्यात बाबांनी जेवताना सवयीने भाकरीचा तुकडा खाली टाकला. चिंगीने नुसतं वळून बघितलं, तेवढ्यात वाघ्याने झडप घातली. तिच्या कानाला २ टाके पडले. आधी तो गुरगुरायचा, मी दरवेळी ओरडायचे. त्या दिवशी गुरगुरलाही नाही. डॉक्टरांनी दोघांना तपासलंय, कुठे दुखणं नाही. दोघांची नसबंदीही झालेली आहे.

शेजारी म्हणतात, "त्यांचं त्यांना ठरवू दे, वरचढ कोण ते कळलं की शांत होतील." बाबांनाही तसंच वाटतं. मला पटत नाही. वेगळं ठेवायचं तर किती दिवस? आणि चिंगी त्या फटीतून बाहेर कशी येईल?

प्रतिसाद

ताई, "त्यांचं त्यांना ठरवू दे" अजिबात नको. ती अल्फाची, म्हणजे कळपात भांडून कुणीतरी वरचढ ठरतो ही कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून आली. ती पसरवण्यात ज्यांचा हात होता त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. तेव्हा इथेही प्रश्न वरचढपणाचा नाही. वाघ्याचं अंगण सुटलंय, म्हणून हाती आहे ते तो राखतोय.

गुरगुरणं ही त्याची सूचना होती. ओरडा बसत गेला, तशी सूचना बंद झाली आणि थेट दात आले. पुन्हा गुरगुरला तर रागावू नका, चिंगीला शांतपणे बाजूला न्या.

पॅसेजला लहान मुलांसाठी लावतात तसं जाळीचं दार लावा. जेवण बंद दाराआड, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी. टेबलाखाली एकही तुकडा टाकायचा नाही, हे सगळ्यात आधी. दारात उभा राहिला तर पट्टा धरून ओढू नका, लांबून हाक मारा आणि आला की खाऊ द्या. चिंगीला फटीतून ओढून काढू नका. तुमच्या खोलीत टेबलाखाली चादर सोडून तसाच आडोसा करा, तिथे वाघ्याला प्रवेश नाही.

सकाळी रस्ता रिकामा असताना दोघांना दोन माणसांनी धरून, रस्त्याच्या दोन कडांनी एकाच दिशेने चालवा. चिंगीची शेपूट सैल राहील इतकं अंतर ठेवा. दिवस मोजू नका. जाळीपलीकडे वाघ्या दिसत असताना ती निवांत खायला लागली की पुढचं बघू.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तुकडा मीच टाकला होता गं." आज जाळी बसवली. चिंगीने दिवसा पाणी प्यायलेलं नाही अजून, पण खोलीतलं नवं भांडं हुंगून गेली.

एक अडचण आहे. बाबा वॉकरवर, आणि सकाळी घरात मी एकटीच असते. दुसरं माणूस मिळेपर्यंत एकेकाला वेगळं फिरवलं तर चालेल ना?