ठाणे जिल्ह्याचा पूर्वेकडील ग्रामीण भाग : शहापूर आणि मुरबाड इतके विरळ वस्तीचे का राहिले?

प्रश्न : कोपरीकर, ठाणे पूर्व

नमस्कार. आमच्या शाळेत नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘आपला जिल्हा’ या विषयावर भित्तिपत्रकांची मालिका तयार करण्याचे काम चालू आहे. ठाण्यात वाढलेल्या मुलांच्या मनात जिल्हा म्हणजे घोडबंदर रोड, कल्याण, डोंबिवली आणि वाशी, एवढेच चित्र असते, आणि त्याचा दोष त्यांना देता येत नाही. म्हणून पहिली पत्रके ग्रामीण तालुक्यांवर करावीत असे आम्ही ठरवले आणि २०११ च्या जनगणनेचे आकडे काढले.

आज जिल्ह्यात असलेल्या सात तालुक्यांची तेव्हाची एकूण लोकसंख्या ८०,७०,०३२ होते. त्यात शहापूरची ३,१४,१०३ आणि मुरबाडची १,९०,६५२ आहे. म्हणजे दोघांची मिळून ५,०४,७५५, जिल्ह्याच्या जेमतेम सव्वासहा टक्के. नकाशावर मात्र या दोन तालुक्यांनी जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग व्यापलेला दिसतो. याउलट एकट्या उल्हासनगर तालुक्याची लोकसंख्या ५,०६,०९८ आहे आणि तो तालुका नकाशावर शोधावा लागतो.

मुलांनी विचारलेला प्रश्न सरळ आहे : मुंबईपासून इतक्या जवळ असूनही तिथे माणसे इतकी कमी का? ‘डोंगराळ भाग आहे’ हे उत्तर मला अपुरे वाटते. इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या यांचा परस्परसंबंध समजावून सांगू शकेल अशा जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर १ : ऐरोलीचा वाचक

कारणांविषयी इतर सभासद अधिक अधिकाराने लिहितील. मी फक्त हद्दींविषयी एक सूचना करतो, कारण त्याशिवाय जुने आणि नवे आकडे एकमेकांत मिसळतात.

२०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता आणि ती लोकसंख्या होती १,१०,६०,१४८. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके वेगळे होऊन पालघर जिल्हा झाला. त्या आठ तालुक्यांचे २९,९०,११६ वजा केले की आपण दिलेला आकडा बरोबर मिळतो. ठाण्याचे हे पहिले विभाजन नव्हे. १८६९ मध्ये कुलाबा (आजचा रायगड) जिल्हा आणि १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा असेच यातून बाहेर पडले. त्यामुळे जुन्या गॅझेटियरमधील ‘ठाणे जिल्हा’ आणि आजचा जिल्हा यांची थेट तुलना पत्रकावर करू नये. तुलना करायचीच असेल तर ती तालुक्याची करावी, आणि तीही तालुक्याच्या हद्दी तपासून, कारण शहापूरला एके काळी मोखाड्याचा भाग जोडलेला होता.

उत्तर २ : निवृत्त भूगोल शिक्षिका, कळवा

कोपरीकर, आपला प्रश्न मोलाचा आहे आणि ‘डोंगराळ भाग’ हे उत्तर अपुरे आहे हेही खरे आहे, कारण डोंगर असूनही माणसांनी दाट वस्ती केल्याची उदाहरणे कमी नाहीत. इथे पाहायला हवा तो डोंगर, पाऊस, खडक आणि धरणे यांचा एकत्र परिणाम.

शहापूर हा क्षेत्रफळाने जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका. त्याच्या पूर्वेला सह्याद्रीची मुख्य धार आहे, तिच्यातून कसारा घाट म्हणजेच थळ घाट वर नाशिककडे जातो, आणि पश्चिमेला माहुलीचा डोंगर एकटा उभा आहे. मुरबाडच्या पूर्व अंगाला तीच धार पुढे जाते. तिच्यावर माळशेज आणि नाणेघाट आहेत, आणि धारेपासून किंचित सुटून सिद्धगड, गोरखगड, मच्छिंद्रगड हे सुळके उभे आहेत. या भिंतीला अडून जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे प्रचंड पाऊस पडतो. पण खालचा खडक काळा बेसाल्ट आहे, त्यावरील मातीचा थर उतारावर पातळ आहे आणि उतार तीव्र आहे. पाणी मुरण्याआधीच ओढ्यांतून भातसा, काळू, तानसा आणि वैतरणा या नद्यांना मिळते. दिवाळीनंतर ओढे आटू लागतात आणि उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर बायकांना नदीपात्रात डवरे खणून त्यात झिरपणारे पाणी वाटीवाटीने भरावे लागते. ज्या जमिनीत वर्षातून भाताचे एकच पीक निघते आणि वरकस म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर नागली-वरईपलीकडे फारसे काही होत नाही, त्या जमिनीवर दाट वस्ती पोसली जात नाही.

आता याच मुलखातील धरणे पाहा. तानसा तलाव १८९२ मध्ये मुंबईसाठी पूर्ण झाला. पुढे वैतरणा नदीवर मोडक सागर आणि मध्य वैतरणा ही धरणे झाली आणि भातसा नदीवर मोठे भातसा धरण झाले. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची मिळून उपयुक्त साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर धरली जाते. त्यात एकट्या भातसाचा वाटा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळपास निम्मा आहे. हे पाणी धरणातून सोडल्यावर नदीच्याच पात्रातून वाहत पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येते, तिथे उचलले जाते आणि पांजरापूर येथे शुद्ध होऊन मुंबईकडे जाते. ठाणे शहराच्या स्वतःच्या योजनेचे पाणीही याच नदीतून येते, हे आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगा. त्यांच्या घरातील नळ शहापूर तालुक्याशी जोडलेला आहे.

मग शहापूरच्या गावांना टँकर का लागतो, असा पुढचा प्रश्न मुले विचारतील आणि तो त्यांनी विचारायलाच हवा. याचे एक उत्तर भौगोलिक आहे : धरणाचे पाणी दरीत, खालच्या पातळीवर साठते, आणि बरेचसे पाडे त्याहून उंच सोंडांवर विखुरलेले आहेत. छोट्या पाड्यासाठी पाणी वर चढवणे महाग पडते. पण केवळ उंचीवर बोट ठेवून थांबणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. शेकडो किलोमीटर लांबीच्या जलवाहिन्या शहरासाठी टाकता येतात, तर धरणाशेजारच्या वस्तीसाठी पंप बसवणे हा प्रश्न मुख्यतः प्राधान्यक्रमाचा उरतो. घाटावर, इगतपुरी तालुक्यात असलेल्या भावली धरणातून केवळ उताराच्या जोरावर शहापूरच्या गावांपर्यंत पाणी आणण्याची योजना याच विचारातून पुढे आली, आणि भूगोलाच्या दृष्टीने ती अतिशय योग्य आहे.

मुरबाडमधील बारवी धरणाची कथा वेगळी नाही. त्याचे पाणी औद्योगिक वसाहतींना आणि कल्याण-डोंबिवली ते नवी मुंबई या पट्ट्यातील शहरांना जाते.

याला जंगलाचीही जोड आहे. तानसा अभयारण्य १९७० पासून संरक्षित आहे आणि दुर्मीळ वनपिंगळा हा पक्षी २०१४ मध्ये तिथे आढळला. धरणांचे पाणलोट आणि वनखात्याच्या जमिनी वजा केल्या, तर वस्तीसाठी आणि शेतीसाठी मोकळी राहणारी जमीन नकाशावर दिसते त्यापेक्षा खूपच कमी आहे.

कोपरीकर

ताई, मनःपूर्वक आभार. पाण्याचा संपूर्ण प्रवास आम्ही स्वतंत्र पत्रकावर काढू. इतिहासाच्या बाजूने कोणी लिहील का? नाणेघाटासारखा प्राचीन व्यापारी मार्ग इथून जात असताना त्याच्या पायथ्याशी मोठे नगर का वाढले नाही, हे मला उमगलेले नाही.

उत्तर ३ : जुन्या वाटांचा अभ्यासक, ठाणे पश्चिम

आपल्या शंकेतच उत्तराची दिशा आहे. हे दोन्ही तालुके दोन हजार वर्षे वाटेवरचे मुलूख राहिले आहेत. नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेखात राणी नागनिकेच्या काळातील यज्ञांची आणि दानांची नोंद आहे, आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवला जातो. पण या वाटेवरचा माल सोपारा आणि कल्याण या बंदरांकडून जुन्नरकडे जात होता. व्यापाराची संपत्ती वाटेच्या दोन्ही टोकांना साठली आणि मधल्या टप्प्यावर विसाव्याची ठिकाणे तेवढी राहिली. थळ घाटाच्या वाटेचेही असेच झाले, फक्त तिचे वरचे टोक नाशिकला होते.

राजकीय इतिहासातही या भागाचे महत्त्व वाटा राखण्यापुरते होते. माहुलीगडावर १६३६ मध्ये शहाजीराजांनी मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात निजामशाहीचा अखेरचा डाव लढवला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा गड मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो परत मिळवला. गड इतका महत्त्वाचा असूनही त्याच्या पायथ्याशी बाजारपेठेचे शहर उभे राहिले नाही.

फरक पडला तो रेल्वेने. कल्याणहून वासिंदपर्यंत गाडी १ ऑक्टोबर १८५५ रोजी पोहोचली, आसनगावला १८६० मध्ये, कसाऱ्याला १ जानेवारी १८६१ रोजी, आणि घाट चढून इगतपुरीला जायला १८६५ उजाडले. त्या चढावर आजही गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात. शहापूर तालुक्यात आज वाढणारी गावे पाहिली तर वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही नावे रुळांच्या कडेने येतात. मुरबाडमध्ये रेल्वे अजून पोहोचलेली नाही, आणि दोन तालुक्यांच्या लोकसंख्येतील फरकाचे हे एक कारण मला वाटते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि तोही शहापुरातूनच जातो. तो इथल्या गावांना काही देऊन जाईल की जुन्या घाटवाटांप्रमाणे केवळ टोकांना जोडील, हे पाहावे लागेल.

मुरबाडच्या पत्रकावर सिद्धगड मात्र विसरू नका. २ जानेवारी १९४३ रोजी तिथे स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

उत्तर ४ : किन्हवलीकर, सध्या घणसोली

वरील सर्व माहिती उत्तम आहे, परंतु मुलांच्या पत्रकावर धरणे, घाट आणि गड आले आणि माणसे राहून गेली, असे होऊ नये म्हणून लिहीत आहे.

आमच्या शहापूर तालुक्यात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली समाज मोठ्या संख्येने आहेत. शहापूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. त्यांच्याबरोबर कुणबी आणि आगरी शेतकरी आहेत. मुरबाडमध्ये कुणबी समाज ठळक आहे आणि म्हसा येथील पौषातली यात्रा आणि तिचा गुरांचा बाजार ही त्या सगळ्या परिसराची मोठी घटना असते. कातकरी समाजाची गणना आदिम जमातींत होते. खैराच्या लाकडापासून कात काढण्याचा आणि कोळशाचा त्यांचा जुना व्यवसाय वनकायद्यांनी संपला आणि स्वतःची शेतजमीन फार थोड्यांकडे होती.

यातूनच लोकसंख्येच्या आकड्याविषयी एक गोष्ट निघते, जी सहसा कोणी सांगत नाही. भाताची कापणी झाली की अनेक कुटुंबे मालकाकडून उचल घेऊन भिवंडी, कल्याण आणि त्यापलीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर, राबाची म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याची कामे सुरू होण्याच्या सुमारास, गावी परततात. लहान मुलेही सोबत जातात. २०११ ची माणसांची मोजणी फेब्रुवारीत झाली आणि तो वीटभट्ट्यांचा भर हंगाम असतो. जे कुटुंब त्या काळात सलग भट्टीवर राहिले, त्याची नोंद तिथेच व्हावी असा जनगणनेचा नियम आहे. म्हणजे शहापूर-मुरबाडच्या काही माणसांची गणती जिल्ह्याच्या शहरी बाजूला झाली असण्याची शक्यता आहे. विरळ वस्तीचे मुख्य कारण हे नव्हे, पण आपण दिलेला आकडा हा हिवाळ्याच्या अखेरीचा आकडा आहे, हे पत्रकावर लिहायला हवे.

पुढील जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे, म्हणजे हंगाम पुन्हा तोच असेल. आपल्या विद्यार्थ्यांना खरोखर अभ्यास करायचा असेल, तर त्यांना एखाद्या पाड्यावर फेब्रुवारीत आणि पुन्हा जुलैत घेऊन जावे आणि किती घरांना कुलूप आहे, हे त्यांनाच मोजू द्यावे. किन्हवली, डोळखांब किंवा शेणवे परिसरातील एखाद्या शाळेशी संपर्क साधून देण्यास मी आनंदाने मदत करीन.